उपग्रहाला डोंगरातला वणवा आणि क्षेपणास्त्राची ज्वाला यांतला फरक कसा कळतो?

वाळपईकर (प्रश्न)

नमस्कार. मी सत्तरी तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात विज्ञान शिकवतो. माझा प्रश्न संरक्षणविषयक आहे, परंतु त्याचे मूळ आमच्या गावच्या डोंगरात आहे, म्हणून आधी ते सांगतो.

मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांत वणवे पेटले होते आणि ते विझवण्यासाठी नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन आली होती, हे अनेकांना आठवत असेल. त्या दिवसांत आम्ही गावकरी रात्ररात्र ओल्या डहाळ्या घेऊन काजूच्या बागायतींच्या कडेने आगीची रेषा झोडपत होतो. एके दिवशी पहाटे पाचच्या सुमारास दमून कातळावर बसलो असताना माझ्या भाच्याने मोबाईलवर नासाचा आगीचा नकाशा उघडला. त्यावर लाल चौकटी होत्या आणि त्यांतील एक चौकट आम्ही बसलो होतो त्याच उतारावर होती. रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून गेलेल्या उपग्रहाने ती आग टिपली होती.

ही हकीकत मी दहावीच्या वर्गात सांगितली, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, उपग्रहाला आपल्या डोंगरातली आग दिसते, तर शत्रूचे क्षेपणास्त्रही दिसत असेल. पण दोन्ही लालच दिसत असतील, तर त्याला कोणते काय आहे ते कसे कळते?" मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. माझी अडचण आणखी अशी की, आगीचा उपग्रह आमच्यावरून दिवसातून दोनदा जातो आणि दूर पल्ल्याचे क्षेपणास्त्र अर्ध्या तासात खंड ओलांडते, तेव्हा अशा उपग्रहाचा क्षेपणास्त्रविरोधी संरक्षणाला उपयोग तरी काय? आणि आपल्या देशाकडे अशी व्यवस्था आहे का? दाबोळीला नौदलाचा विमानतळ आणि मुरगावला बंदर असल्यामुळे आम्हा गोवेकरांना हा विषय फार दूरचा वाटत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सडा-मुरगाव

नमस्कार सर. उपग्रहांच्या अवरक्त (म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, उष्णतेच्या प्रकाशातल्या) चित्रांवर काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली. ती चित्रे समुद्राच्या तापमानाची होती, युद्धाची नव्हती. परंतु भौतिकी तीच आहे. आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न मला अतिशय महत्त्वाचा वाटतो, कारण या विषयाच्या अभियंत्यांनी सर्वांत जास्त कष्ट याच प्रश्नावर घेतले आहेत.

प्रथम आपला उतार. आपण पाहिलेली चौकट बहुधा व्हीआयआयआरएस या संवेदकाची असावी. त्याची एक चौकट 375 मीटरची असते आणि तो मुख्यतः 3.7 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचा प्रकाश पाहतो. ही तरंगलांबी निवडण्यामागे साधा हिशेब आहे. जमीन 27 अंश सेल्सिअस आणि आग सुमारे 530 अंश धरली, तर 11 मायक्रॉनवर तेवढ्याच क्षेत्रफळाची आग जमिनीपेक्षा अठरा-एकोणीस पट उजळ दिसते, पण 3.7 मायक्रॉनवर ती सुमारे तीन हजार पट उजळ दिसते. म्हणून 375 मीटरच्या चौकटीचा एक हजारावा भाग, म्हणजे घराच्या मोठ्या अंगणाएवढी जागा पेटलेली असली, तरी रात्रीच्या वेळी ती संपूर्ण चौकट आजूबाजूच्या चौकटींहून तिप्पट-चौपट उजळ होते. आपण डहाळ्यांनी झोडपत होतात ती रेषा वरून दिसली ती अशी.

आता क्षेपणास्त्राकडे वळू. आग शोधणारा उपग्रह अशा तरंगलांबीत पाहतो, जिथे हवा पारदर्शक असते. तिला आम्ही वातावरणाची खिडकी म्हणतो. क्षेपणास्त्र शोधणारा उपग्रह बरोबर उलट करतो आणि जाणूनबुजून बंद खिडकीत पाहतो. अग्निबाणाच्या ज्वालेत पाण्याची तापलेली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड असतात, आणि ते 2.7 व 4.3 मायक्रॉनच्या पट्ट्यांत प्रखर प्रकाश सोडतात. आपल्या हवेतही तेच दोन वायू आहेत, पण थंड, आणि थंड वायू त्याच पट्ट्यांतला प्रकाश गिळतो. त्यामुळे या पट्ट्यांत अंतराळातून खाली पाहिले, तर जमीन जवळजवळ काळी दिसते. वणवे, वीटभट्ट्या, दुपारी तापलेले पत्रे हे सर्व खालच्या दमट हवेच्या पांघरुणाखाली झाकले जाते. क्षेपणास्त्र मात्र चढत जाते. ते दहा-बारा किलोमीटर उंचीवर पोचले की त्याच्या वर वाफ फारशी उरत नाही, आणि काळ्या पार्श्वभूमीवर त्याची ज्वाला एकटीच झळकते. संवेदकाने काय पाहू नये हे ठरवण्यातच इथे निम्मे यश आहे.

उरलेले काम काळ करतो. वणवा तासन्‌तास एकाच डोंगरावर असतो. क्षेपणास्त्राचा बिंदू सेकंदागणिक सरकतो, त्याची उजळी ठरावीक पद्धतीने वाढते, एक टप्पा गळून दुसरा पेटताना क्षणभर बदलते, आणि तीन ते पाच मिनिटांत इंजिन थांबले की तो बिंदू विझतो. क्षेपणास्त्रांचा इशारा देणाऱ्या अमेरिकेच्या डीएसपी मालिकेतील पहिला उपग्रह नोव्हेंबर 1970 मध्ये गेला. सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर कक्षेत या मालिकेतला संपूर्ण उपग्रहच मिनिटाला सहा वेळा स्वतःभोवती फिरत असे, म्हणजे पृथ्वीवरचे प्रत्येक ठिकाण दर दहा सेकंदांनी त्याच्या नजरेखालून जाई. आपली दुसरी शंका इथे मिटेल: हे उपग्रह दिवसातून दोनदा येणारे नव्हेत, ते एकाच जागी उभे राहून अखंड पाहणारे आहेत. वातावरणात फुटणाऱ्या मोठ्या उल्काही अशा संवेदकांनी टिपल्या आहेत आणि शास्त्रज्ञांना त्या नोंदींचा मोठा उपयोग झाला आहे.

तरीही फसगत होते, आणि झालेली आहे. वर्गात सांगावी अशी ही घटना आहे. 26 सप्टेंबर 1983 रोजी मध्यरात्र उलटल्यावर मॉस्कोजवळच्या सेर्पुखोव-15 या केंद्रात सोव्हिएत संघाच्या 'ओको' उपग्रहव्यवस्थेने अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र सुटल्याचा इशारा दिला आणि पाठोपाठ आणखी चार. ड्युटीवर असलेले लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव यांनी हा इशारा खोटा असल्याचे ठरवले. खरा हल्ला केवळ पाच क्षेपणास्त्रांनी सुरू होणार नाही असा त्यांचा विचार होता आणि जमिनीवरच्या रडारांकडूनही दुजोरा मिळत नव्हता. पुढे चौकशीत आढळले की, उंच ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश नेमका उपग्रहाच्या नजरेच्या रेषेत आला होता. वर सांगितलेल्या पांघरुणाशी हे ताडून पाहा. उंच ढग त्या दमट हवेच्या वर असतात, त्यामुळे ते पांघरूण तिथे कामाला येत नाही. समुद्राच्या चित्रांवर काम करताना झुवारीच्या मुखाजवळचे पाणी दुपारी आरशासारखे चमकून सगळे आकडे बिघडवत असे, तेव्हा मला दर वेळी पेत्रोव यांची आठवण होई. आमचे बिघडलेले आकडे आम्ही दुसऱ्या दिवशी टाकून देत असू. त्यांच्यापाशी काही मिनिटेच होती.

फोंडेकर पदार्थविज्ञान

सडा-मुरगाव यांचे उत्तर फार सुंदर आहे. मी महाविद्यालयात भौतिकी शिकवते आणि त्यांनी जिथे थांबवले तिथून पुढे जाऊ इच्छिते, कारण ज्वाला विझल्यानंतर काय होते हा प्रश्न मला अधिक कठीण वाटतो.

इंजिन थांबले की आंतरखंडीय क्षेपणास्त्राचा स्फोटकाग्र, म्हणजे स्फोटके वाहणारे टोक, पुढची वीसेक मिनिटे अवकाशातून नुसता फेकलेल्या दगडासारखा जात असतो. त्याचे तापमान आपल्या खोलीतल्या भिंतीएवढे, म्हणजे 300 केल्विनच्या आसपास असते. अशा वस्तूचा प्रकाश 10 मायक्रॉनजवळ सर्वाधिक असतो आणि तो ज्वालेच्या तुलनेत अत्यंत मंद असतो. त्यातच मूळची उंची आड येते. वस्तूची उजळी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 36,000 किलोमीटरवरून पाहण्याऐवजी 1,000 किलोमीटरवरून पाहिले, तर तीच वस्तू सुमारे 1,300 पट उजळ दिसेल. म्हणून ज्वाला पाहण्यासाठी उंच कक्षा आणि थंड वस्तूचा माग काढण्यासाठी खालची कक्षा, अशी कामाची विभागणी आपोआप होते. खालच्या कक्षेतला उपग्रह खाली न पाहता क्षितिजाच्या वर, आडवे पाहतो. त्याच्यामागे अवकाशाची गोठलेली काळी पार्श्वभूमी असते आणि तिच्यावर भिंतीएवढी कोमट वस्तूही उठून दिसते.

आपण विचाराल की, मग रडार का पुरत नाही? याचे उत्तर विद्यार्थ्यांना दोनापावलाच्या जेट्टीवर नेऊन देता येईल. परतणारा ट्रॉलर दुरून पाहिला, तर आधी त्याचा डोलकाठीचा शेंडा दिसतो आणि मग धड, कारण पृथ्वीची गोलाई मध्ये येते. समुद्रसपाटीपासून 60 मीटर उंच कड्यावर उभे राहिले, तरी पाण्याचे क्षितिज 27-28 किलोमीटरवर संपते. रडारचीही हीच मर्यादा आहे. 1,000 किलोमीटर उंचीवरून येणारा स्फोटकाग्र किनाऱ्यावरच्या रडारला तत्त्वतः 3,700 किलोमीटर अंतरावरून दिसू शकतो. परंतु अलीकडची अतिस्वनातीत (हायपरसॉनिक) तरंगणारी अस्त्रे उंच कमान न घेता बराचसा प्रवास वातावरणाच्या वरच्या थरांतून करतात. 50 किलोमीटर उंचीवरचे असे अस्त्र त्याच रडारच्या क्षितिजावर 800 ते 900 किलोमीटर अंतरावर पोचल्यावरच उगवेल, आणि सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने ते सातेक मिनिटांत डोक्यावर येईल. शिवाय ते वाटेत वळू शकते, त्यामुळे सुटतानाची ज्वाला पाहून ते कुठे पडणार याचे गणित मांडता येत नाही. त्याच्यावर सतत नजर ठेवावी लागते, आणि ती वरूनच ठेवता येते. उंचावरच्या उपग्रहांना ते अवघड जाते, कारण हवेच्या घर्षणाने तापलेले त्याचे अंग ज्वालेपेक्षा बरेच मंद असते आणि पार्श्वभूमीला काळे अवकाश नसून ऊबदार पृथ्वी असते.

आणखी एक बाब नेहमी नजरेतून सुटते. एका उपग्रहाला दिशा कळते, अंतर कळत नाही. दोन उपग्रहांनी एकाच क्षणी दोन कोनांतून पाहिले तरच रेषा जिथे छेदतात तो बिंदू मिळतो. खालच्या कक्षेतला उपग्रह फिरता असल्यामुळे एक क्षितिजाआड जाण्यापूर्वी दुसऱ्याने माग हाती घ्यावा लागतो. रिले शर्यतीतली काठी जशी एका धावपटूच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते तसेच हे आहे, आणि काठी पडली तर गणित पुन्हा सुरू करावे लागते. म्हणून एक-दोन उपग्रह पुरत नाहीत, मोठा ताफा लागतो. अमेरिकेने सप्टेंबर 2009 मध्ये एसटीएसएस नावाचे, माग काढणारे दोन प्रायोगिक उपग्रह सोडले. त्यांच्या माहितीवर फेब्रुवारी 2013 मध्ये युद्धनौकेवरून प्रतिक्षेपणास्त्र सोडण्यात आले, तेव्हा त्या नौकेच्या स्वतःच्या रडारने लक्ष्य अजून पाहिलेही नव्हते, आणि तरीही वेध साधला गेला. 14 फेब्रुवारी 2024 रोजी तरंगणाऱ्या अस्त्रांवर नजर ठेवण्यासाठीचे अमेरिकेचे एचबीटीएसएस नावाचे दोन आणि मागोवा घेणारे इतर चार उपग्रह एकाच अग्निबाणातून गेले. या सगळ्यात मला सर्वाधिक मोलाची वाटते ती 2013 ची चाचणी, कारण अंतराळातल्या संवेदकाने नुसता इशारा देणे आणि त्याच्या आकडेवारीवर विसंबून अस्त्र सोडणे यांत अचूकतेचा प्रचंड फरक आहे.

किनारा

मी नौदलातून निवृत्त झालो असून सध्या वास्कोत राहतो. पुढे लिहितो ते सर्व जाहीर झालेले आहे.

आधी सडा-मुरगाव यांच्या मांडणीत एक भर घालतो. बंद खिडकीतून पाहण्याचा फायदा खरा, पण त्याची किंमतही मोजावी लागते: क्षेपणास्त्र दमट हवेच्या वर येईपर्यंतचे सेकंद हातचे जातात आणि ते नेमके कुठून सुटले हे अंदाजाने काढावे लागते. कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्राच्या बाबतीत हे सेकंद फार महाग असतात. 1991 च्या आखाती युद्धात डीएसपी उपग्रहांनी इराकच्या स्कड क्षेपणास्त्रांच्या ज्वाला पाहिल्या आणि इशारे दिले, पण हे उपग्रह मुळात आंतरखंडीय क्षेपणास्त्रांसाठी घडवलेले होते. म्हणून 2011 पासून अवकाशात गेलेल्या एसबीआयआरएस या पुढच्या इशारा-मालिकेच्या भूस्थिर उपग्रहांत दोन संवेदक बसवले: एक विस्तृत प्रदेश झाडून काढणारा आणि दुसरा एकाच भागाकडे टक लावून पाहणारा. त्यांत जमिनीपर्यंत पाहणारा पट्टाही ठेवला. या पट्ट्यात आपले वणवे अर्थातच दिसतात, आणि मग फरक ओळखण्याची जबाबदारी हालचाल व उजळी तपासणाऱ्या संगणकावर आणि शेवटी माणसावर येते. त्या विद्यार्थिनीची शंका त्यामुळे आजही जिवंत आहे.

अशा इशाऱ्याचे मोल काय, हे 8 जानेवारी 2020 रोजी दिसले. इराणने इराकमधील अल असद तळावर क्षेपणास्त्रे डागली. गुप्तवार्तेमुळे तळ आधीच सावध होता, आणि क्षेपणास्त्रे सुटताच उपग्रहांकडून इशारा मिळाल्याने सैनिक आडोशाला गेले. शंभराहून अधिक जणांना मेंदूच्या इजा झाल्या, परंतु प्राण कोणाचाही गेला नाही. ती क्षेपणास्त्रे पाडण्यासाठी तिथे कोणतीही ढाल नव्हती. नुसते आधी कळले, एवढ्यानेच जीव वाचले.

आता आपल्या देशाविषयी. नोव्हेंबर 2006 मध्ये भारताने क्षेपणास्त्रविरोधी अस्त्राची पहिली चाचणी केली. 24 जुलै 2024 रोजी दुसऱ्या टप्प्यातील चाचणी झाली, त्या वेळी सरकारने जाहीर केले की, ओडिशातील धामरा येथून सुटलेले लक्ष्य जमिनीवर व समुद्रावर तैनात केलेल्या रडारांनी हेरले, आणि ही व्यवस्था 5,000 किलोमीटर पल्ल्याच्या वर्गातील क्षेपणास्त्रांविरुद्ध आहे. याचा अर्थ आपली भिस्त रडारांवर आहे. क्षेपणास्त्रांचा माग घेणारे 'ध्रुव' हे जहाजही 2021 मध्ये नौदलात आले. ऑक्टोबर 2024 मध्ये 52 टेहळणी उपग्रहांच्या योजनेला मंजुरी मिळाल्याच्या बातम्या आल्या, परंतु टेहळणीचे छायाचित्र आणि ज्वालेचा अखंड पहारा ही दोन निरनिराळी कामे आहेत, त्यांची सरमिसळ करू नये.

काही जण म्हणतात की, आपल्याकडे इन्सॅट-3डीएस आहे, त्याला अवरक्त डोळा आहे, मग तोच वापरावा. हवामानासाठी तो उत्कृष्ट आहे. पण इन्सॅट-3डी मालिकेच्या प्रतिमाग्राहकाला पृथ्वीची संपूर्ण चकती टिपायला सुमारे 26 मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात आंतरखंडीय क्षेपणास्त्राचा बहुतेक प्रवास संपलेला असतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की, भारताने अस्त्रांच्या आधी डोळ्यांवर खर्च करावा, आणि त्यातही पहिला खर्च पार्श्वभूमीच्या अभ्यासावर. फ्रान्सने फेब्रुवारी 2009 मध्ये 'स्पिराल' नावाचे दोन छोटे उपग्रह पाठवले, ते प्रत्यक्ष पहाऱ्यासाठी नव्हते. अंतराळातून पृथ्वी अवरक्त प्रकाशात कशी दिसते याची चित्रे गोळा करण्यासाठी होते. आपल्या भूमीवर जूनपासून चार महिने मोसमी ढगांचे थर असतात, फेब्रुवारी ते मे डोंगर पेटतात, उत्तरेला शेतातले अवशेष जाळले जातात, आणि समुद्रावर सूर्य चमकतो. ही पार्श्वभूमी दुसऱ्या कोणत्याही देशाच्या संगणकाला आपल्याइतकी ठाऊक नसणार. ती आपणच, वर्षाच्या प्रत्येक ऋतूत, मोजून ठेवली पाहिजे.

वाळपईकर

आपणा तिघांचे मनापासून आभार. बंद खिडकीची कल्पना मी वर्गात सांगितली. पण त्याच विद्यार्थिनीने आणखी एक शंका काढली, ती तशीच पुढे ठेवतो: आमच्या डोंगरावर पावसाळ्यात इतकी दमट हवा आणि उन्हाळ्यात कोरडी, तर मग त्या पांघरुणाची जाडी ऋतूप्रमाणे बदलत असणार, मग कोरड्या, उंच प्रदेशातला वणवा बंद खिडकीतूनही थोडा दिसत असेल का?

सडा-मुरगाव

होय, तिचा तर्क अचूक आहे. वाफेचे पांघरूण हिवाळ्यात, वाळवंटात आणि उंच पठारावर पातळ होते, आणि तिथे जमिनीवरचा थोडा प्रकाश वर निसटतो. म्हणूनच संवेदकाचा उंबरठा, म्हणजे किती उजळीला इशारा द्यायचा ती मर्यादा, सगळीकडे एकसारखा ठेवून चालत नाही, आणि किनारा यांनी सुचवलेले ऋतुवार मोजमाप अत्यावश्यक ठरते. कार्बन डायऑक्साइड मात्र हवेत सर्वत्र जवळजवळ सारख्या प्रमाणात मिसळलेला असतो, त्यामुळे 4.3 मायक्रॉनचा पट्टा त्या मानाने अधिक भरवशाचा असतो. ही गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. फेब्रुवारीत काजूचा हंगाम सुरू झाला की नासाच्या नकाशावर सत्तरीतल्या लाल चौकटी महिनाभर रोज उतरवून घ्याव्यात, गावात विचारून त्यांतली खरी आग कोणती आणि चमकलेला पत्रा किंवा भट्टी कोणती ते लिहावे, आणि दुपारी दीडच्या व रात्री दीडच्या फेरीचे रकाने वेगळे ठेवावेत. तक्ता तयार झाला की इथे जरूर द्यावा, मी तो बारकाईने तपासून देईन.